पहिल्या पानावरचं गवत

सकाळी साडेदहाला प्रतींचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. मी कात्रीने दोरी कापली, वरची प्रत उचलली, सवयीने मधोमध नाक खुपसून वास घेतला आणि पहिलं पान उघडलं, तर तिथे माझ्या बाबांचं गवत. डाव्या पानावर मोठं पदक मिळवलेल्या साथरोगतज्ज्ञांचा, म्हणजे आमच्या पदकवाल्यांचा फोटो, हनुवटीखाली हात, खाली त्यांचं नाव आणि त्याखाली ‘आव्हान’ या मथळ्याखाली त्यांनी लिहिलेलं: पुढची साथ कुठून येईल आणि केव्हा येईल, हे आज पृथ्वीवर कोणीही सांगू शकत नाही. आणि उजव्या पानावर, फिकट हिरव्या चौकटीत, ‘उपाय’: उताराला आडवी गवताची ओळ लावा. मुळं खोल जाणारं, गुरं तोंड न लावणारं गवत घ्या. पहिली दोन वर्षं काहीही दिसणार नाही. मी प्रत मिटली, पुन्हा उघडली. गवत तिथेच होतं. मला हसूच आलं.

पुस्तकाचं नाव ‘चोवीस आव्हानं, चोवीस उपाय’. नाव साहेबांचं, म्हणजे आमच्या प्रकाशकांचं. चोवीस नामवंत शास्त्रज्ञांना दोन प्रश्न पाठवायचे, मानवजातीपुढचं सर्वांत मोठं आव्हान कोणतं आणि त्यावर उपाय काय, आणि जे येईल ते दीडशे शब्दांत बसवायचं. बसवायचं काम माझं. तेवीस वर्षं मी हेच करते आहे, लोकांचं म्हणणं कापून चौकटीत बसवते, आणि त्याला संपादन म्हणतात. तीन महिने मी चोवीस शहाण्या माणसांची भीती वाचली. समुद्र चढतोय, जंतू औषधाला दाद देत नाहीत, मधमाश्या मरताहेत, यंत्रं आपल्यापेक्षा हुशार होणार आहेत, माणसांना झोप लागत नाही. भीती प्रत्येकाची वेगळी होती, अगदी त्याच्या स्वतःच्या कामातून आलेली, वाचताना अंगावर काटा यायचा. आणि मग त्याच माणसाचा उपाय वाचायला घ्यावा तर ‘जागतिक पातळीवर समन्वय’. ‘राजकीय इच्छाशक्ती’. ‘शिक्षणव्यवस्थेत आमूलाग्र बदल’. ज्या माणसाने चाळीस वर्षं एका जंतूच्या मागे काढली, तो शेवटी म्हणतो की सर्वांनी एकत्र यायला हवं. आमच्या इमारतीतले बारा बिऱ्हाडकरू जिन्याच्या दिव्यासाठी एकत्र येत नाहीत. मी चिडून चिडून शेवटी चिडायचीही थांबले होते.

चूक कशी झाली हे शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ती माझीच होती. पुस्तकाची मांडणी करणारा आमचा माणूस, त्याला सगळे पट्टी म्हणतात, कारण संगणकावर काम करतानाही पोलादी पट्टी कानामागे नाही तर खिशात असतेच, तर हा पट्टी डावी पानं वेगळी लावतो आणि उजवी वेगळी. डावीकडे फोटो, नाव, आव्हान. उजवीकडे फक्त हिरवी चौकट. उजवीकडे पुन्हा नाव नको, दोनदा नाव आलं की लग्नपत्रिका वाटते, हे त्याचं म्हणणं. म्हणून मी त्याला कागदांच्या दोन चळती द्यायचे, आव्हानांची एक आणि उपायांची एक, दोन्ही एकाच क्रमाने. क्रमात पदकवाले पहिले, साहेबांच्या आज्ञेने, आणि बाबा शेवटचे, चोविसावे, माझ्या लाजेने. संपादिकेचे वडील म्हणून घुसवले असं कुणी म्हणायला नको. खरं तर बाबांचं नाव मी सुचवलंही नव्हतं. चोविसाव्या जागेचा माणूस फोटोवरून रुसून निघून गेला, छपाईला तीन आठवडे उरले होते, आणि साहेब म्हणाले, “तुमचे वडील काहीतरी मातीवर होते ना?” काहीतरी मातीवर. सगळ्यांचे उपाय आले, बाबांचा तेवढा यायचा राहिला, कारण मी तो दोनदा परत पाठवला होता. तो शेवटच्या दिवशी आला, त्यांच्या हातचा, रेघांच्या कागदावर. मी टाइप करून घेतला आणि उपायांच्या चळतीवर ठेवला. वर. सगळ्यांत शेवटी आलेला कागद माणूस वरच ठेवतो. पट्टीने चळत उचलली आणि वरून लावत गेला. बाबांचा उपाय पदकवाल्यांना, पदकवाल्यांचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी सगळी मानवजात एकेक घर खाली सरकली. तपासायची पानंही तशीच दोन हप्त्यांत आली, डावी मंगळवारी, उजवी शुक्रवारी, आकडे न पडलेली. उजव्यांत बाबांचं पान सगळ्यांत वर होतं. मला आठवतं, मी ते वाचून एक स्वल्पविराम काढला होता.

मग मी पेन्सिल घेऊन सगळं पुस्तक तपासायला बसले. काय काय बिघडलंय याची यादी करून साहेबांसमोर ठेवावी, असा विचार. समुद्र चढतोय, त्यावर उपाय तरुण पिढीत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवणे. चाललं असतं. झोप लागत नाही, उपाय धोरणकर्ते आणि संशोधक यांच्यात संवाद. हेही चाललं असतं. मधमाश्यांपुढे अणुभट्टी आली होती, ते मात्र वाईट दिसत होतं. तासाभराने माझी यादी तयार झाली, आणि चोविसांपैकी एकोणीस ठिकाणी काहीही बिघडलेलं नव्हतं. मी पेन्सिल खाली ठेवली. मला त्या क्षणी इतका संताप आला की तो कुणावर काढावा हेच कळेना. माझ्यावर काढावा, तर त्या एकोणीसजणांनी मला सांभाळून घेतलं होतं.

शेवटच्या जोडीपाशी मी मुद्दाम उशिरा गेले. डावीकडे बाबा. फोटो निवृत्तीच्या दिवशीचा, कारण त्यानंतर त्यांचा कुणी एकट्याचा फोटो काढलाच नव्हता. ‘आव्हान: वरची वीतभर माती. बोटभर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, वाहून जायला एक जोराचा पाऊस पुरतो.’ आणि उजवीकडे, तेविसाव्या क्रमांकाच्या यंत्रबुद्धीवाल्या बाईंचा उपाय: सर्व संबंधित घटकांनी एकत्र येऊन एक सर्वसमावेशक, पारदर्शक आणि उत्तरदायी चौकट उभारणे ही काळाची गरज आहे. हे बाबांच्या तोंडी. जे बाबा दुकानातून काय आणायचं ते सांगतानाही वजन सांगतात. आणि मग मला फोन आठवला. सर्व शास्त्रज्ञांना प्रती छापखान्यातून परस्पर परवाच गेल्या होत्या, घरपोच. परवा संध्याकाळी बाबा फोनवर म्हणाले होते, “आलं हं पुस्तक. छान झालंय.” मी विचारलं होतं, वाचलंत का. ते म्हणाले, “वाचलं की,” आणि लगेच म्हणाले, “तुझ्या गुडघ्याचं काय झालं?” मी गुडघ्याचं सांगत बसले.

साहेबांच्या खोलीत मी प्रत उघडी करून ठेवली. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिलं पान वाचलं, अगदी शेवटपर्यंत. “काय सुंदर लिहिलंय,” ते म्हणाले.

“साहेब, ते त्यांचं नाही. ते माझ्या वडिलांचं आहे.”

“पण हे रूपक आहे ना? साथ म्हणजे उतार. गवत म्हणजे, म्हणजे आपली आरोग्यव्यवस्था. मुळं खोल गेलेली.”

“रूपक नाही. गवत आहे. खरं गवत. त्यांनी बारा वर्षं लावलं ते.”

त्यांनी मला बसायला सांगितलं, म्हणजे आता मला समजावलं जाणार. तीन हजार प्रती बांधून झाल्या होत्या. उद्या अकराला प्रकाशन, सभागृह ठरलेलं, जे शास्त्रज्ञ येणार आहेत ते व्यासपीठावर येऊन आपापला उपाय वाचणार, प्रत्येकी दोन मिनिटं. “कुणाच्या लक्षात आलंय का?” साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, मधमाशीवाल्यांच्या यायला हवं होतं. “त्यांच्या कचेरीतून ‘मान्य’ म्हणून कळवलंय,” साहेब म्हणाले आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर पदकवाल्यांच्या मदतनिसाचं पत्र होतं. सरांना पुस्तक फार आवडलं. सरांना स्वतःचं उत्तर पुन्हा वाचून विशेष समाधान वाटलं. गवताच्या प्रतिमेविषयी सर उद्या दोन शब्द अधिक बोलू इच्छितात. मी ते दोनदा वाचलं. माणूस इतका मोठा होतो की आपण काय म्हणालो आणि काय नाही, हेही त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. मी म्हटलं, निदान शुद्धिपत्र घालू, एक चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत. साहेब म्हणाले, “चोवीस शास्त्रज्ञांच्या पुस्तकात चोवीस चुकांची चिठ्ठी? तुम्हीच विचार करा. आणि उद्या त्या पदकवाल्यांना कोण सांगणार, की सर, तुम्ही जे स्वतःचं म्हणून आवडीने वाचलंत ते तुमचं नाही? तुम्ही सांगणार?” मी प्रत मिटली. “तुमच्या वडिलांना मी फोन करतो हवं तर,” ते म्हणाले. मी नको म्हणाले. साहेब माणूस वाईट नाही, हाच तर वैताग आहे. वाईट असता तर मी पायातली वहाण आपटून बाहेर पडले असते.

बाबांकडे जायला बसने चाळीस मिनिटं लागतात. खिडकीशी बसून मी स्वतःशी जुळवाजुळव करत होते. कागद वर ठेवला, पट्टीने वरून उचलला, सगळे एकेक घर सरकले. सोपं आहे. बाबांना उतार कळतो, तर हे का कळणार नाही. पण आठवत दुसरंच होतं. लहानपणी सुट्टीत बाबा मला त्यांच्या उतारावर न्यायचे. त्यांच्या संशोधन संस्थेच्या मागच्या टेकाडावर त्यांचे सात तुकडे होते, प्रत्येकात रंगवलेल्या खुंट्या ठोकलेल्या, आणि मोठा पाऊस होऊन गेला की ते उकिडवे बसून खुंटीपाशी किती माती साचली ते मोजायचे आणि मला लिहायला सांगायचे. तुकडा तीन, सव्वा सेंटिमीटर. तुकडा चार, काही नाही. माझ्या फ्रॉकला चिखल, आई घरी गेल्यावर म्हणायची, या माणसाचं लग्न गवताशी झालंय, मी आपली साक्षीला. पुढे शाळेत एका मैत्रिणीने विचारलं, तुझे बाबा शास्त्रज्ञ ना, त्यांनी काय शोधलं? मी म्हटलं, गवत. ती हसली. मीही हसले, आणि तिच्यापेक्षा जास्त वेळ हसले. प्रयोगाच्या बाराव्या वर्षी संस्थेने टेकाड सपाट करून गाड्या लावायला जागा केली. वार्षिक अहवालात चार ओळी आल्या. बाबा त्या दिवशी खुंट्या घरी घेऊन आले, एकूण त्रेसष्ट, आणि गॅलरीत उभ्या करून ठेवल्या.

आणि आता तीस वर्षांनी कुणीतरी त्यांना विचारलं होतं, उपाय काय. आणि त्यांनी जे लिहून पाठवलं ते वाचून मी, त्यांची मुलगी, म्हणाले होते, “बाबा, जरा मोठं लिहा. बाकीच्यांचं फार मोठ्या पातळीवरचं आहे. हे शेतीच्या पुस्तिकेसारखं वाटतंय.” त्यांनी पुन्हा लिहिलं. त्यात गवताच्या दोन ओळींतलं अंतर वाढलं होतं, बाकी तेच. मी म्हटलं, मानवजात म्हणून विचार करा. तिसऱ्यांदा त्यांनी शेवटी एक वाक्य घातलं: ‘साचलेली माती शेजाऱ्याला दाखवा, एका माणसाने एका वर्षात एकाच शेजाऱ्याला पटवावं, जास्त घाई करू नये.’ मानवजात त्यांना तेवढीच जमली. मी कंटाळून ठीक आहे म्हणाले. बसच्या खिडकीशी हे सगळं नीट समोर आलं. त्यांच्या पानावर आता जे छापलं होतं ते नेमकं मला हवं होतं तेच होतं. मी तीनदा मागितलं होतं आणि चौथ्यांदा मला ते मिळालं होतं.

दार उघडंच होतं. बाबा टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होते, हातात पुस्तक, पुस्तकात बोट, ओठ हलताहेत. मला पाहून ते थांबले आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पकडलेल्या मुलासारखं हसले. “या वेळी कशी तू? बस. चहा टाकतो.” मी म्हटलं, चहा नको, आधी बसा. ते बसले. मी उभीच राहिले, कारण गुडघा.

“बाबा, तुमच्या पानावर जे आलंय ते तुमचं नाही.”

“ते कळलं गं मला,” ते म्हणाले. “मी वाचलं ना.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? तुला माझं पटलं नव्हतं. तीनदा तू सांभाळून घेतलंस. मग तूच लिहिलंस. छान लिहिलंयस. मला नसतं जमलं.”

“मी नाही लिहिलं. ते तेविसाव्या नंबरच्या बाईंचं आहे. कागद वरखाली झाले. सगळ्यांचेच उपाय सरकलेत.”

ते माझ्याकडे बघत राहिले, संस्थेतली पोरं उशिरा येण्याचं कारण सांगायची तेव्हा बघायचे तसे, प्रेमाने आणि अजिबात विश्वास न ठेवता. “बरं,” ते म्हणाले. मी पिशवीतून प्रत काढली, पहिलं पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. “हे वाचा. इथे काय आहे बघा.” त्यांनी सांगितलं, हे पान त्यांनी वाचलं नव्हतं, त्यांनी पुस्तक मागून उघडलं होतं, आपलं पान शोधलं आणि तिथेच थांबले. त्यांनी चष्मा पुसला. वाचताना त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं, आणि ‘पहिली दोन वर्षं काहीही दिसणार नाही’ यापाशी ते थांबलं. मग त्यांनी डावीकडचा फोटो पाहिला, नाव वाचलं.

“हे तर मोठे आहेत.”

“हो.”

“हे माझं यांच्याकडे गेलं.”

“चुकून गेलं, बाबा. तुमचा कागद शेवटी आला म्हणून मी वर ठेवला, आणि—”

“वर ठेवलास ना,” ते म्हणाले. “मग झालं.”

“झालं काय? उद्या तो माणूस व्यासपीठावर उभा राहून हे वाचणार आहे. स्वतःचं म्हणून. वर दोन शब्द जास्त बोलणार आहे. मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. साहेब गेले खड्ड्यात. नोकरी गेली तरी चालेल मला.”

मी ओरडत होते, आणि खरं सांगायचं तर ओरडताना बरं वाटत होतं. सकाळपासून पहिल्यांदा मी चांगली मुलगी असल्यासारखं वाटत होतं. बाबांनी मला ओरडून घेऊ दिलं. मग त्यांनी पान हळूच सपाट केलं, कडेची घडी बोटाने दाबली.

“किती लोक येणार आहेत?” त्यांनी विचारलं.

“पाचशे. शिवाय वर्तमानपत्रं.”

“आणि हे गृहस्थ ‘गवत लावा’ म्हणून सांगणार.”

“ते रूपक समजतात त्याला, बाबा. त्यांना वाटतं गवत म्हणजे दुसरंच काहीतरी.”

“त्यांना वाटू दे. पाचशे माणसांत एखाद्याचा उतार असेलच की.” त्यांनी चष्मा काढला. “अगं, माझ्या नावाने सांगून बारा वर्षांत तिघांनी लावलं. त्यातल्या एकाचं शेळ्यांनी खाल्लं, गवत चुकीचं घेतलं त्याने. हे त्यांनी सांगितलं तर लोक लावतील. तू उद्या काही बोलू नकोस. शपथ वगैरे घालत नाही, पण बोलू नकोस.”

“आणि तुमचं काय? तुम्ही ते दुसऱ्या बाईचं वाचणार?”

“मला दोन मिनिटं दिलीयत. काहीतरी वाचावंच लागेल. माझं मी वाचलं तर लोक म्हणतील, या म्हाताऱ्याने पदकवाल्यांचं चोरलं.”

 यात तर्काची एकही चूक नव्हती. मला त्यांच्या मांडीवरचं पुस्तक खेचून खिडकीबाहेर भिरकावून द्यावंसं वाटलं, मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं की लाजेचं, हे मलाच कळत नव्हतं, आणि बाबा मात्र उठले होते, टेबलाजवळ गेले होते, तिथे ते उद्याचा इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर नीट घालून ठेवत होते. त्यांनी माझ्या हातात आपली प्रत दिली, शेवटचं पान उघडून.

“इथे धर. मी म्हणून दाखवतो, कुठे चुकलो तर सांग. चष्मा लावून वाचायला लागलो की ओळ सुटते, म्हणून पाठच करतोय. कालपासून बसलोय, एका शब्दाशी अडतं.”

ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, हात बाजूला, ताठ.

“सर्व संबंधित घटकांनी एकत्र येऊन,” बाबा म्हणाले, “एक सर्वसमावेशक, पारदर्शक आणि...”

ते थांबले. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“उत्तरदायी,” मी म्हणाले.